कलदार (सोलापुरातील नाणेसंग्रह)

कलदार : ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया. कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा; त्यात चांदी ९१.७ टक्के. १८३५ पासून १९३९ पर्यंत हे वजन आणि हा कस टिकला, त्यामुळे रुपया तराजूतही चाले : ८० रुपयेभार म्हणजे एक शेर. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली.

सोलापूर ब्रिटिश मुलखात, पण तुळजापूर-नळदुर्गाकडे निघाले की निजामाची हद्द लागे आणि तिथे हाली सिक्का चाले. हाली म्हणजे चालू. तो वजनाने थोडा हलका, सुमारे ११.१८ ग्रॅम, आणि कसाला ८१.८ टक्केच. १०० कलदारांना सुमारे ११६⅔ हाली असा हिशोब असे. कलदारांच्या रांगेत चारमिनार छापाचा एकही हाली नसलेला संग्रह सोलापूरचा म्हणावासा वाटत नाही.

राणीछापात, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या नाण्यांत, १८४० च्या रुपयाची मुखवट्याभोवतीची अक्षरे काहींवर सलग, काहींवर डोक्याशी तुटलेली. १८६२ साल घातलेले रुपये पुढेही कित्येक वर्षे तेच साल ठेवून पाडले गेले. म्हणून ते मुबलक, आणि हौशी मंडळी खरे साल ताडायला भिंगाखाली त्यांवरचे ठिपके मोजत बसतात. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. १९३९ चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे त्याच्या नकलाही आहेत. वजन न करता तो घेऊ नये.

इतर वसाहतींच्या नाण्यांपैकी ब्रिटिश ट्रेड डॉलर मुद्दाम पाहावा. चीन-मलायातील व्यापारासाठी तो १८९५ पासून मुख्यतः मुंबईच्या टांकसाळीत पडला. वजन सुमारे २६.९५ ग्रॅम, चांदी ९० टक्के. पुढे हाती त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे स्त्रीरूप, तर मागे चिनी आणि अरबी लिपीतील मलय मजकूर. त्रिशूळाच्या मधल्या टोकावरचे बारीक ‘बी’ म्हणजे मुंबई. काहींवर चिनी पारख्यांचे ठसे असतात. त्या पारख्यांना तिकडे ‘श्रॉफ’ म्हणत. आपला सराफच तो.

घरच्या डब्यातल्या नाण्यांची गत निराळी. कडी लावून माळेत ओवलेल्या रुपयाला डाखाचा डाग राहतो आणि किंमत उतरते. लक्ष्मीपूजनाचा रुपया वर्षानुवर्षे चिंचेने घासलेला. तो लखलखतो खरा, पण राणीच्या केसांची रेघ पुसट झालेली असते. संग्राहक काळवंडलेलाच मागतो.