बिघडलंय की मुळात नाहीच? नव्या इलेक्ट्रिक कारची तक्रार करण्याआधी

नवी इलेक्ट्रिक कार दारात आली की पहिल्या महिना-दोन महिन्यांत मालकाच्या तोंडी दोन तक्रारी हमखास येतात. एक, "हे चालत नाहीये." दुसरी, "हे गाडीत नाहीचये." त्रास सारखाच होतो, म्हणून बोलताना दोन्हींची सरमिसळ होते. पण पहिला आहे बिघाड: कंपनीने दिलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे काम करत नाही. दुसरी आहे उणीव: ती सोय त्या गाडीत, किंवा तुम्ही घेतलेल्या व्हेरियंटमध्ये, दिलेलीच नाही. दोन्हींचे रस्ते वेगळे, हक्क वेगळे आणि वाट बघण्याचा काळही वेगळा.

ही गल्लत फक्त ग्राहकच करतो असं नाही. शोरूममध्ये उणीव दाखवली की ती तात्पुरती अडचण असल्यासारखी सांगितली जाते: "आबा, काळजी करू नका, पुढच्या अपडेटमध्ये येईल." सर्व्हिस सेंटरला बिघाड दाखवला की तो गाडीचा स्वभाव ठरतो: "दादा, या मॉडेलमध्ये असंच असतं." दोन्ही वेळा नुकसान पैसे मोजणाऱ्याचंच होतं. पहिल्या वेळी तो कधीच न येणाऱ्या अपडेटची वाट बघतो, दुसऱ्या वेळी हक्काची दुरुस्ती सोडून देतो. म्हणून काउंटरवर आपल्या अहिराणीत सरळ विचारावं: "भाऊ, गाडी बिघडनी का तिन्हामा ती सोयच नही?" आणि उत्तर कागदावर मागावं.

खान्देशात हा प्रश्न जास्त टोचतो. जळगाव-धुळ्यात राहणाऱ्याचं एक वेळ निभतं. पण शहादा, तळोदा, चोपडा, रावेर इथल्या माणसाचा सर्व्हिस सेंटरच्या एका खेपेत अख्खा दिवस जातो, आणि महागड्या गाड्यांसाठी तर नाशिक किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. उणिवेसाठी मारलेली अशी खेप वाया गेलीच म्हणून समजा. जी सोय दिलेलीच नाही, ती वर्कशॉपमधला मेकॅनिक देऊ शकत नाही.

फोन जोडण्याचं उदाहरण घ्या. अँड्रॉइड ऑटो (फोनमधले नकाशे-गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) वायरशिवाय जोडलं जातं, पण पारोळ्याच्या पुढे दर थोड्या वेळाने तुटतं आणि स्क्रीन काळी पडते, हा बिघाड. केबल लावल्याशिवाय जोडलंच जात नाही आणि माहितीपुस्तिकेत फक्त वायरचाच उल्लेख आहे, ही उणीव. स्क्रीनवर मराठी मेनू नाही, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय नाही, रात्री ठरावीक वेळी चार्जिंग सुरू करता येत नाही, स्टेपनीऐवजी पंक्चर किट आलंय, या सगळ्या उणिवा. यातल्या पहिल्या तीन सॉफ्टवेअरने भरून निघू शकतात, स्टेपनी कुठल्याही अपडेटने येणार नाही. बुकिंग करताना एवढा फरक जरी लक्षात ठेवला तरी "पुढे येईल" या आश्वासनाची किंमत कळते.

उणीव उघडपणे सांगता येते, हेही दिसलेलं आहे. फोक्सवॅगनने २०२० मध्ये आयडी.३ ही कार युरोपात दिली तेव्हा फोन जोडणी आणि काचेवर दिसणाऱ्या डिस्प्लेचा काही भाग तयार नव्हता. कंपनीने सुरुवातीच्या ग्राहकांना ते आधी सांगितलं: आत्ता गाडी घ्या आणि या दोन गोष्टी २०२१ मध्ये मिळतील, किंवा थांबा. उशीर झाला, पण फसवणूक झाली नाही. याउलट २०२४ मध्ये व्होल्वोने ईएक्स३० च्या सुमारे ७२,००० गाड्या रिकॉल केल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्या स्पीडोमीटरच्या डिस्प्लेतल्या सॉफ्टवेअर दोषासाठी. गाडीत स्पीडोमीटर होता, पण तो हवा तसा दिसत नव्हता. हा निखळ बिघाड होता.

बिघाडाचं आपल्याकडचं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२४ मध्येच भारतात ह्युंदाईने १,७४४ आयोनिक ५ आणि कियाने १,१३८ ईव्ही६ परत बोलावल्या. चार्जिंग सांभाळणाऱ्या एका कंट्रोल युनिटमध्ये दोष होता आणि त्यामुळे १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरू शकत होती. इथे एक गोष्ट नव्या मालकांना चकित करते. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली असताना गाडी उघडतच नाही, कारण दरवाजे, स्क्रीन आणि सगळे कॉम्प्युटर त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर जागे होतात. गाडी लॉक केल्यावर हे कॉम्प्युटर झोपायला हवेत. सॉफ्टवेअरच्या चुकीने त्यातला एखादा जागाच राहिला तर छोटी बॅटरी रात्रीतून रिकामी होते. "लाइट चालू राहिला असेल" असं म्हणून तुमची बोळवण झाली आणि पुन्हा तेच घडलं, तर गप्प बसू नका.

आता तिसरा गट, जो या दोन्हींत बसत नाही आणि खान्देशात सर्वांत जास्त गोंधळ घालतो. गाडी बरोबर असते, सोयही असते, तरी काम होत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दुपारी हायवेवरून तापून आलेली गाडी फास्ट चार्जरला लावली की ६० किलोवॅटच्या चार्जरवर अर्धाच वेग दिसतो. मालक म्हणतो सॉफ्टवेअर गंडलंय. खरं तर सॉफ्टवेअर नेमकं तेव्हाच आपलं काम करत असतं: बॅटरीतले सेल गरम असतील तर बॅटरीचं नियंत्रण करंट कमी करतं, नाहीतर बॅटरीचं आयुष्य घटतं. शिवाय दोन गनचे (गाडीला लावायच्या दोन नळ्यांचे) ६० किलोवॅटचे अनेक चार्जर दोन गाड्या लागल्या की वीज वाटून देतात, प्रत्येकीला ३०. आणि ८० टक्क्यांच्या पुढे वेग सगळ्याच गाड्यांचा पडतो. खात्री करायची असेल तर तीच गाडी पहाटे, ३०-४० टक्क्यांवर असताना, शेजारची गन मोकळी असताना लावून बघा. तेव्हाही वेग अर्धाच असेल तर मात्र तक्रार खरी आहे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि ही मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यात गाडीवर निष्कारण आळ येतो. गावाकडच्या घरात गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या प्लगला लावला की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. श्रावणात तोच प्लग, तोच चार्जर व्यवस्थित चालत होता. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर वीज घेतच नाही. शॉकपासून तुमच्या घरातल्यांना वाचवण्यासाठी ती व्यवस्था आहे. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आसपास असावा. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतल्यावर लाल दिवा गेला, तर निदान झालंच. मग गाडी दाखवायला नेण्याऐवजी नवीन अर्थिंग करून घ्या. पण कुणी "अर्थिंगचा सेन्सर बायपास करून देतो" म्हणाला, तर त्याला चार्जरला हात लावू देऊ नका.

तिसरी घाटाची. कन्नडला गाडी शंभर टक्के भरून चाळीसगावकडे घाट उतरायला लागलात तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर नेहमीसारखी गाडी ओढून धरत नाही. एरवी ओढून धरताना मोटर वीज तयार करते, पण भरलेल्या बॅटरीत ही उताराची वीज साठवायला जागा नसते, म्हणून गाडी ती घेत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे माहीत नसेल तर घाटात भीती वाटते. बॅटरी अर्धी असताना, सपाटीवर, अचानक असं झालं आणि डॅशबोर्डवर पिवळा इशारा आला तर तो बिघाड. मोबाइल ॲपवर गाडी "ऑफलाइन" दिसणं हेही सातपुड्याच्या कुशीत बहुतेक वेळा रेंजचं दुखणं असतं. गाडीतल्या सिमलाही टॉवर लागतोच. मात्र आधी चालणारं ॲप एका तारखेपासून सगळीकडेच बंद झालं, तर फुकट वर्गणीची मुदत संपली का ते आधी बघा.

खरोखर अवघड एकच प्रकार वाटतो, बॅटरीच्या टक्केवारीचा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असलेल्या गाडीत आकडा हळूहळू उतरत असतो आणि मधेच धाडकन कोसळतो. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे उरलेल्या चार्जचा अंदाज चुकत जातो. म्हणूनच अनेक कंपन्या पुस्तिकेत सांगतात की मधूनमधून गाडी पूर्ण शंभर टक्के करा, म्हणजे हिशोब पुन्हा जुळतो. तसं करूनही आकडा कोसळत राहिला तर सॉफ्टवेअर तरी चुकतंय किंवा सेल तरी असमान झालेत. दोन्ही वॉरंटीचे विषय आहेत.

निवाडा करायला सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे बुकिंगच्या दिवशीची माहितीपुस्तिका, तुमच्या व्हेरियंटच्या रकान्यासकट. ती जपून ठेवा, कारण वेबसाइटवरचा मजकूर बदलत राहतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूतल्या दोषाची व्याख्या करताना विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा धरला आहे. म्हणजे पुस्तिकेत लिहिलेली, जाहिरातीत दाखवलेली सोय गाडीत आलीच नाही, तर ती उणीव राहत नाही, कायद्याच्या नजरेत दोष ठरू शकते. तोंडी "येईल" म्हटलेलं मात्र सिद्ध करणं कठीण. म्हणून विक्रेत्याला घरी आल्यावर एक साधा मेसेज पाठवा: "तुम्ही आज सांगितलं की अमुक सोय अपडेटने मिळेल, बरोबर ना?" त्याचं "हो" पुढे कामी येतं.

सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डवर (गाडी कामाला घेताना भरतात त्या कागदावर) ग्राहकाची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" लिहिलेल्या कार्डाचा पुढे काहीच उपयोग होत नाही. स्क्रीन काळी पडली त्याचा व्हिडिओ, तारीख, वेळ, चार्जिंगची टक्केवारी, सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर एवढं सोबत असू द्या. "स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला नाही, गाडी ओके आहे" हे उत्तर पुरेसं मानू नका. मोटर किंवा बॅटरीच्या बिघाडाची नोंद बहुधा राहते, पण मधूनच गोठणाऱ्या स्क्रीनची राहीलच असं नाही.

एवढं करूनही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते. नंदुरबारच्या माणसाला त्यासाठी मुंबई-पुणे करायची गरज नाही. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्ह्यातच चालतात, मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

अपडेट टाकण्याआधीही व्हर्जन नंबरचा आणि सेटिंगच्या पानांचा फोटो काढा. क्वचित असंही होतं की नवीन अपडेटने एक बिघाड जातो आणि आधी असलेली एखादी सोय गायब होते. ती सोय तुम्हाला दिलेली होती, पुस्तिकेत होती, म्हणून ही तक्रारही बिघाडातच धरायची, आणि "नव्या व्हर्जनमध्ये ते काढलंय" हे उत्तर डीलरकडून लेखी घ्यायचं.