स्टॅटिक डॉक्युमेंटेशन संकेतस्थळ

सॉफ्टवेअरची माहिती साध्या मजकूर-फायलींत लिहायची, एका प्रोग्रॅमकडून त्यांची एचटीएमएल पाने (ब्राउझरला थेट दाखवता येणारी पाने) आधीच तयार करून घ्यायची आणि ती पाने सर्व्हरवर ठेवायची, अशा संकेतस्थळाला स्टॅटिक डॉक्युमेंटेशन संकेतस्थळ म्हणतात. वाचकाने पान मागितले की सर्व्हर तयार फाइल उचलून देतो. मागे डेटाबेस नसतो, लॉगिन नसते. त्यामुळे खर्च नगण्य राहतो, हल्लेखोराला वाव फारसा मिळत नाही आणि जुने पान वर्षानुवर्षे तसेच उघडते. पानांवरचा शोध मात्र वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालवावा लागतो किंवा बाहेरच्या सेवेवर सोपवावा लागतो.

या पद्धतीला बळ आले ते २००८ साली. अशी पाने तयार करणारे टॉम प्रेस्टन-वर्नर यांचे जेकिल, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दस्तऐवजांसाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी लिहिलेले स्फिंक्स आणि अशा संकेतस्थळांना फुकट जागा देणारी गिटहब पेजेस ही सेवा, तिन्ही त्याच वर्षीची. पुढे ह्युगो (२०१३), एमकेडॉक्स (२०१४) आणि फेसबुकचे डॉक्युसॉरस (२०१७) आले. कोडमधल्या टिपांवरून फंक्शनची सूची काढायची असेल तर स्फिंक्सला तोड नाही. नुसती माहितीपुस्तिका हवी असेल तर एमकेडॉक्स पुरते, आणि शिकायला एक दुपार लागते. पुढचा तपशील त्याचाच आहे.

नवा प्रकल्प सुरू केला की दोनच गोष्टी तयार होतात: वायएएमएल या साध्या मजकुरी स्वरूपातली एक सेटिंग फाइल आणि ‘डॉक्स’ नावाच्या फोल्डरात मार्कडाउनचे (साध्या चिन्हांनी मथळे, लिंका दाखवणाऱ्या लेखनपद्धतीचे) एक पान. सेटिंगमध्ये संकेतस्थळाचे नाव एवढेच सक्तीचे. ‘सर्व्ह’ आज्ञा दिली की आपल्याच संगणकावर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर कच्चे संकेतस्थळ दिसते आणि फाइल सेव्ह करताच बदलते. ‘बिल्ड’ने पक्की पाने ‘साइट’ फोल्डरात पडतात. हा फोल्डर रेपोत (बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटच्या साठ्यात) कमिट करू नये, म्हणजे नोंदवू नये, नाहीतर प्रत्येक छोट्या दुरुस्तीबरोबर शेकडो तयार फायलींचे फरक इतिहासात साठत जातात.

वायएएमएलमध्ये ओळीची सुरुवात टॅबने केली तर बिल्ड थांबते, हे निदान लगेच कळते. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली १.१० ही आवृत्ती मात्र गुपचूप दशांश संख्या म्हणून वाचली जाते आणि १.१ होते. आवृत्तीचा क्रमांक नेहमी अवतरणात लिहावा.

‘स्थापना’ नावाच्या फाइलचे पान मुळात ‘स्थापना’ फोल्डरातल्या इंडेक्स फाइलमध्ये जाते, म्हणजे पत्ता एक पायरी खोल जातो. मार्कडाउनच्या पद्धतीने दिलेली चित्रे व लिंका एमकेडॉक्स स्वतः जुळवून घेते. कच्च्या एचटीएमएल टॅगला ते हात लावत नाही, म्हणून नेमके तेच चित्र गायब होते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची खरी अडचण मथळ्यांत आहे. प्रत्येक मथळ्याला एक ओळखखूण मिळते आणि पानाच्या मधल्या भागाला लिंक देताना तीच वापरली जाते. मूळ सेटिंग रोमनेतर अक्षरे गाळून टाकते. मराठी मथळ्यात मग काहीच उरत नाही, आणि खुणा अंडरस्कोर १, अंडरस्कोर २ अशा क्रमाने पडतात. मध्ये एक मथळा घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. काल ‘अद्ययावत करणे’ या भागावर नेणारी लिंक आज ‘काढून टाकणे’ या भागावर नेते, आणि लिंक चालू असल्याने तपासणीत काहीच सापडत नाही. इतर लिप्याही चालवून घेणारा युनिकोडचा पर्याय लावला तरी काम अर्धेच होते. एमकेडॉक्स ज्या भाषेत लिहिले आहे त्या पायथनच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही अक्षरे नव्हेत, म्हणून ‘स्थापना’चे ‘सथपन’ होते. खात्रीचा उपाय एकच: अट्रिब्युट लिस्ट हे एक्स्टेंशन (जोड-सुविधा) चालू करून प्रत्येक महत्त्वाच्या मथळ्यापुढे महिरपी कंसात रोमन लिपीतली खूण हाताने द्यावी आणि मथळा बदलला तरी ती बदलू नये.

शोधाचीही तीच गत. अंगभूत शोध इंग्रजी धरून चालतो आणि शब्दाच्या कडांची रोमनेतर चिन्हे छाटतो. पूर्ण मराठी शब्द त्यात नाहीसा होतो. पहिल्याच दिवशी एखादा मराठी शब्द शोधून पाहावा.

प्रकाशन स्वयंचलित असावे. बदल रेपोच्या मुख्य ब्रँचमध्ये (शाखेत) आला की बिल्ड व्हावे, तेही ‘स्ट्रिक्ट’ पर्याय लावून, म्हणजे तुटलेली लिंक ही नुसती सूचना न राहता प्रकाशनच रोखते. पानातल्या खुणांची तपासणी एमकेडॉक्सच्या १.६ आवृत्तीपासून होते, पण ती वेगळी चालू करावी लागते. साधनांचे व थीमचे नेमके आवृत्ती-क्रमांक लिहून ठेवावेत. न लिहिल्यास कोणी एक ओळही न बदलता एखाद्या सकाळी बिल्ड कोसळते.

गिटहब पेजेसवर दोन चुका हमखास होतात. स्वतःच्या डोमेनचे (संकेतस्थळाच्या पत्त्याचे) नाव सांगणारी ‘सीनेम’ फाइल ‘डॉक्स’मध्ये नसेल तर पुढच्या डिप्लॉयमध्ये (प्रकाशनात) ती पुसली जाते आणि डोमेन बंद पडते. दुसरी चूक स्फिंक्सवाल्यांची: स्फिंक्सची रंगरूप ठरवणारी सीएसएस फाइल अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फोल्डरात असते, आणि ब्रँचवरून प्रकाशित करताना मागे चालणारे जेकिल असे फोल्डर वगळते. पान उघडते, पण रंगरूपाशिवाय. ‘नोजेकिल’ नावाची रिकामी फाइल मुळाशी ठेवली की हे थांबते. नावाच्या आधी टिंब विसरू नये.

एवढे झाले तरी पाने शिळी होतातच, आणि चुकीची आज्ञा देणारे पान हे नसलेल्या पानापेक्षा वाईट, कारण वाचक त्यावर विश्वास ठेवून तासभर घालवतो. यासाठी कोड आणि त्याचे पान एकाच कमिटमध्ये बदलावे. पानाचे काम नंतरवर ढकलले की ते सहसा राहूनच जाते. ‘शेवटचा बदल’ ही तारीख गिटच्या इतिहासावरून छापता येते, पण बिल्ड सर्व्हर बहुधा फक्त शेवटचे कमिट उतरवतो आणि मग सगळ्या पानांवर आजची तारीख झळकते. तिथे पूर्ण इतिहास उतरवण्याची सेटिंग लागते. पानाचे नाव बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारे पान ठेवावे. जुन्या आवृत्तीची पाने काढू नयेत. त्यांच्या माथ्यावर नव्या आवृत्तीची लिंक लावावी, कारण ते जुने सॉफ्टवेअर कुठेतरी अजून चालू असते.