लाउटरब्रुनेन खोऱ्यातील पायवाटा

स्वित्झर्लंडच्या बर्न कँटनमधील (प्रांतातील) लाउटरब्रुनेन हे आल्प्समधले एक अरुंद आणि खोल खोरे. इंटरलाकेन गावाच्या दक्षिणेला ते सुरू होते. दोन्ही अंगांना शेकडो मीटर उंचीचे ताशीव कडे, कड्यांच्या माथ्यावर गवताळ माच्या आणि माच्यांच्या वर आयगर (३,९६७ मी.), म्योंख (४,११० मी.) व युंगफ्राउ (४,१५८ मी.) ही हिमशिखरे, अशी त्याची रचना आहे. तळाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मी. म्हणजे तळातल्या कुरणात उभे राहून युंगफ्राउकडे मान वर केली, की ३,३०० मीटरहून जास्त उंचीचा डोंगर अंगावर येतो. इथल्या पायवाटाही याच रचनेने ठरवून दिल्या आहेत. एक पदर तळाचा, दुसरा माचीचा, तिसरा त्याहून वरच्या कुरणांचा. मधल्या कड्यांत वाटेला फारसा वावच नाही. सह्याद्रीतला भटक्या हे पटकन ओळखतो. कडा आणि माची हे शब्द इथे जसेच्या तसे लागू पडतात.

फरक आहे तो घडणीत. सह्याद्रीचे कडे लाव्ह्याच्या थरांचे, तर इथल्या खोऱ्याच्या पुढच्या भागातले कडे चुनखडकाचे. मागच्या टोकाला नीस आणि ग्रॅनाइटसारखे जुने स्फटिकी खडक उघडे पडलेले आहेत. हिमयुगात इथून वाहणाऱ्या हिमनदीने खोरे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे खरवडून काढले. बाजूच्या लहान दऱ्यांतल्या हिमनद्यांना तेवढे खोल खणता आले नाही. बर्फ वितळून गेल्यावर त्या दऱ्या कड्याच्या माथ्यावर लोंबकळत राहिल्या आणि त्यांतले ओढे सरळ खाली कोसळू लागले. खोऱ्यात ७२ धबधबे आहेत असे सांगतात. जर्मनमध्ये ‘लाउटर’ म्हणजे निर्मळ आणि ‘ब्रुनेन’ म्हणजे झरे. गावाचे नाव पाण्यावरूनच पडले.

तळाची वाट लाउटरब्रुनेन स्थानकापासून श्टेखेलबर्ग या वस्तीपर्यंत जाते. सहा-सात किलोमीटरांत चढ जेमतेम शंभर मीटरचा. लहान मुलांची ढकलगाडी घेऊनही हे अंतर पार करता येते. सोबतीला पांढरी ल्युटशिने नदी असते. हिमनदीखाली दळलेल्या खडकाच्या पिठाने तिचे पाणी दुधट दिसते. गाव सुटता सुटताच उजव्या हाताला श्टाउबाख धबधबा लागतो. तो २९७ मी. उंचीवरून कड्याला न टेकता पडतो. पण पाणी जमिनीपर्यंत पाण्याच्या रूपात पोहोचतच नाही, अर्ध्या वाटेवर त्याचे तुषार होतात. ‘श्टाउब’ म्हणजे धूळ, म्हणून हा धुळीचा ओढा. दुपारचे वारे सुटले की त्याचे खालचे टोक पदरासारखे एका अंगाला उडते. पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वारा आणि पाणी यांचा हा खेळ ओळखीचा वाटेल. मात्र सह्याद्रीतले धबधबे पावसावर जगतात आणि इथले मुख्यतः वितळत्या बर्फावर. त्यामुळे उन्हे तापू लागली की इथे पाणी वाढते. मे ते जुलै भर असतो आणि शरदात श्टाउबाखची नुसती रेघ उरते. १७७९च्या शरदात जर्मन कवी गटे इथे आला होता. आभाळातून येणारे, परत आभाळात जाणारे आणि पुन्हा धरणीवर उतरणारे पाणी म्हणजे माणसाचा आत्मा, ही कल्पना त्याने याच धबधब्यावरून कवितेत बांधली.

याच वाटेवर पूर्वेच्या कड्यात ट्रुमेलबाख आहे. बाहेरून फक्त कड्यातली एक फट दिसते. आत एकाखाली एक असे दहा धबधबे डोंगराच्या पोटात कोसळत असतात. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ यांच्या हिमनद्यांचे पाणी या एकाच घळीतून उतरते. जोर असतो तेव्हा सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. खडकात खोदलेल्या बोगद्यातून उद्वाहक वर नेतो आणि पुढे पायऱ्यांनी उतरायचे. आतली पायरी कायम ओली असते, कठडा हाताला थरथरताना जाणवतो आणि शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. श्टेखेलबर्गजवळचा म्युरेनबाख टप्प्याटप्प्याने ४१७ मी. उतरतो. उंचीने तो श्टाउबाखहून मोठा आहे, पण त्याच्यापाशी थांबणारे थोडे.

माचीवर चढायला पूर्वी कड्यातल्या तिरक्या, दमछाक करणाऱ्या वाटा होत्या. आजही त्या आहेत, पण बहुतेक लोक यंत्राने वर जातात. १८९०मध्ये इंटरलाकेनहून रेल्वे लाउटरब्रुनेनला पोहोचली. १८९१मध्ये पश्चिमेच्या म्युरेनला जाणारी रेल्वे आणि १८९३मध्ये पूर्वेच्या वेंगेनमार्गे क्लाइने शायडेग खिंडीत जाणारी दातेरी रुळांची गाडी सुरू झाली. युंगफ्राउयोख (३,४५४ मी.) या खिंडीपर्यंतचा बोगदा १९१२मध्ये पुरा झाला. या गाड्यांनी चालणे संपवले, असे वरवर पाहता वाटेल. घडले ते उलट. उभा चढ गाडीने घेतल्यामुळे वरच्या आडव्या वाटा सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. सत्तरीतली जोडपी आणि पाच वर्षांची पोरे दोन हजार मीटरवर दिवसभर चालताना दिसतात, ती या रुळांमुळेच.

म्युरेन (सुमारे १,६४० मी.) आणि वेंगेन (१,२७४ मी.) या दोन्ही माच्यांवरच्या गावांत बाहेरची मोटार येऊ शकत नाही. ग्रुट्शाल्प या माचीवरच्या स्थानकापासून म्युरेनपर्यंतची साधारण सव्वा तासाची वाट रुळांच्या कडेने, जवळजवळ सपाटीने जाते. समोर दरीपलीकडे तिन्ही शिखरे ओळीने उभी असतात. नवख्याने पहिल्या दिवशी हीच वाट घ्यावी. इतक्या थोड्या कष्टात एवढे दाखवणारी दुसरी वाट आल्प्समध्ये क्वचितच असेल. म्युरेनच्या पुढे वाट उतरत गिमेलवाल्डला जाते. तिथे लाकडी घरांच्या भिंतींना सरपण इतके नेटके रचलेले असते, की कापलेल्या तोंडांची नक्षीच तयार होते. म्युरेन आणि गिमेलवाल्ड ही गावे तेराव्या-चौदाव्या शतकांत पलीकडच्या लोएट्शेन खोऱ्यातून हिमनदीवरची खिंड ओलांडून आलेल्या वाल्झर या जर्मन बोलणाऱ्या डोंगरी लोकांनी वसवली.

पूर्वेकडची सर्वांत लोकप्रिय वाट म्हणजे म्यॅनलिखेन ते क्लाइने शायडेग (२,०६१ मी.). वेंगेनहून रोपवेने वर जायचे आणि साडेचार किलोमीटर हळूहळू उतरत खिंडीत यायचे, वेळ दीड तास. आयगरची उत्तर भिंत पावलागणिक मोठी होत जाते. खिंडीच्या वर, आयगरग्लेचर स्थानकापासून याच भिंतीच्या पायथ्याने ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला आल्पिग्लेनपर्यंत आयगरवाट उतरते. १८०० मीटर उंचीची ही भिंत १९३८मध्ये पहिल्यांदा चढली गेली. वाट मुरमाड उताराची आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी काठी जवळ ठेवावी.

खोऱ्याचे सर्वांत समृद्ध रूप मात्र मागच्या टोकाला आहे. तिथे गाडी नाही, रोपवेही नाही. श्टेखेलबर्गला डांबरी रस्ता संपतो आणि नदीकाठाने रानवाट सुरू होते. ट्राक्सेललाउएनेनपाशी शिसे आणि रुप्याच्या जुन्या खाणकामाचे अवशेष झाडीत दिसतात. मग स्प्रूसच्या रानातून नागमोडी चढ. मुळांच्या पायऱ्या, ओलसर सावली आणि मधूनच झाडांच्या फटीतून पलीकडचा हिमनदीचा निळसर कापा. अडीच-तीन तासांनी रान संपते आणि ओबरश्टाइनबर्ग (१,७७८ मी.) ही डोंगरातली साधी खानावळ येते. इथे वीज नाही. रात्री खोल्यांत मेणबत्ती लावतात. ओसरीवर बसले की समोर श्मादरिबाख धबधबा एका हिमनदीच्या पायथ्यातून निसटून खाली येताना दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला योसेफ आंटोन कोख या चित्रकाराने त्याची मोठी चित्रे काढली. पुढे तासाभरावर ओबरहॉर्नझे (२,०६५ मी.) हे लहानसे तळे आहे. हिमनद्यांनी वेढलेले असूनही त्याचे पाणी दुधट नाही, तळाचे दगड मोजता येतील इतके नितळ. सपाट खडकावर पाठ टेकून कान दिला, तर दूर कुठे बर्फाचा कडा तुटल्याचा आवाज मेघगर्जनेसारखा घुमत येतो. स्वच्छ आभाळात तो ऐकून पहिल्यांदा माणूस दचकतोच.

लांब पल्ल्याच्या वाटाही खोऱ्यातून जातात. लिख्टेनश्टाइनमधल्या फाडूत्सपासून जिनिव्हा सरोवरावरच्या माँत्रपर्यंत सुमारे ३९० किलोमीटर चालणारी ‘व्हिया आल्पिना’ ग्रिंडेलवाल्डहून क्लाइने शायडेग ओलांडून लाउटरब्रुनेनला उतरते आणि म्युरेनवरून झेफिनेनफुर्गे (२,६१२ मी.) या खिंडीतून पश्चिमेला निघून जाते. खिंडीचा पलीकडचा उतार भुसभुशीत आहे, तिथे लाकडी पायऱ्या बसवल्या आहेत.

या वाटांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या व्यवस्थेत आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला योहान याकोब एस हा शिक्षक शाळेतल्या मुलांना घाटरस्त्यावरून चालवत नेत होता. मोटारींचा धुरळा पाहून त्याच्या मनात आले, की रस्ते आता मोटारींचे झाले, तर चालणाऱ्यांना त्यांच्या वाटा हव्यात. १९३४मध्ये त्यातून पदभ्रमण-वाटांची देशव्यापी संघटना उभी राहिली. आज देशभरात सुमारे ६५,००० किलोमीटर वाटा एकाच पद्धतीने खुणावलेल्या आहेत. १९७९मध्ये मतदारांनी पायवाटांना राज्यघटनेत जागा दिली, १९८५मध्ये कायदा झाला. एखादी वाट बांधकामाने तुटली, तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते. त्याआधीच, १९१२मध्ये अमलात आलेल्या नागरी संहितेने रान आणि कुरण यांत सर्वांना जाण्याची मुभा दिली होती, मग जमीन कोणाचीही असो. शेतकऱ्याच्या अंगणाला खेटून वाट जाते आणि कोणी हटकत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

खुणांची पाटी जवळून पाहण्यासारखी असते. पिवळा पत्रा, काळी अक्षरे, वर पांढऱ्या पट्टीत त्या जागेचे नाव आणि उंची. बाणावर गावाचे नाव आणि त्यापुढे अंतर नाही, वेळ. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर हा वेग धरून, चढउताराचा हिशेब घालून ती वेळ काढतात. विश्रांती त्यात धरत नाहीत. डोंगरात किलोमीटरपेक्षा तासच खरा आधार, हे जाणून केलेली ही सोय आहे. नुसती पिवळी खूण म्हणजे सोपी वाट. पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथे पाय भक्कम आणि डोके स्थिर हवे. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला, तर पुढे हिमनदी किंवा हातांनी चढण्याचे कातळटप्पे येऊ शकतात; तिथे सवयीच्याच माणसाने जावे. हिवाळ्यात बर्फ दाबून केलेल्या वाटांना गुलाबी पाट्या लागतात. सह्याद्रीत अनेक वाटांवर गिर्यारोहक मंडळींनी हौसेने आणि जबाबदारीने बाण रंगवले आहेत. तेच काम इथे कायद्याने आखून दिले आहे आणि स्वयंसेवकांच्या हातांनी पार पडते.

वरच्या वाटांचा हंगाम जूनअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. त्याआधी सावलीच्या घळींत जुने बर्फ टणक राहते आणि त्यावरून पाय घसरणे जिवावर बेतते. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस येतो, म्हणून पहाटे निघून दुपारी खाली असणे शहाणपणाचे. कुरणांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाई असतात. त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा नाद दरीभर असतो. वासरू सोबत असलेल्या गाईच्या जवळून जाऊ नये, वळसा घ्यावा. आणि उघडलेले फाटक मागे लावून घ्यावे, याबाबत इथला शेतकरी फार काटेकोर आहे. वाटेत समोरून येणारा ‘ग्रुएसेख’ म्हणतो, तो बर्नकडचा नमस्कार. त्याला त्याच शब्दाने उत्तर द्यायचे. अपघातात ११२ किंवा हवाई बचावसेवेचा १४१४ हा क्रमांक. फोन लागत नसेल, तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा दिव्याची खूण हा आल्प्सचा जुना संकेत. ऐकणारा मिनिटाला तीन खुणांनी उत्तर देतो.

मुंबई-पुण्याहून युरोपच्या सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी पुष्कळ जण युंगफ्राउयोखला जातात, तेव्हा या खोऱ्यातून किंवा शेजारच्या ग्रिंडेलवाल्डमधून त्यांची गाडी जाते. वर बर्फ, फोटो आणि त्याच दिवशी परत, असा बेत असतो आणि वाटा खिडकीतूनच मागे पडतात. ही चुटपुट लावणारी गोष्ट आहे, कारण उपाय सोपा आहे. परतताना क्लाइने शायडेगला गाडी सोडून द्यावी आणि पिवळ्या पाटीवर वेंगेनचा बाण पाहून उतरू लागावे. वाट कुरणातून वेंगर्नआल्पला येते, डाव्या हाताला युंगफ्राउची हिमभिंत असते, पुढे रान लागते. दोन-अडीच तासांत वेंगेन येते. आणि मध्येच पाय थकले, तर वेंगर्नआल्पचे छोटे स्थानक वाटेतच आहे. खाली जाणारी पुढची गाडी तिथेही थांबते.