पार्श्वभूमी : जाड पत्र्याच्या जुन्या गाड्या आणि अपघातात वाचण्याचं गणित

जुन्या गाडीच्या बॉनेटवर टकटक करून ‘हा पत्रा बघा, असा आता मिळत नाही’ असं सांगणारा एक तरी जण जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात असतो. पत्रा जाड होता हे खरंच आहे. पण अपघातानंतर गाडी धड दिसणं आणि आतला माणूस धड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पचनी पडायला मोटार उद्योगाला अर्धं शतक लागलं. सुधारणा एकेक करून, ठरावीक वर्षांत आल्या. त्यामुळे एखाद्या जुन्या गाडीत काय नाही, हे तिच्या उत्पादनवर्षावरून बऱ्यापैकी सांगता येतं.

सगळा प्रश्न थांबायला मिळणाऱ्या अंतराचा आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. हा वेग ६० सेंटिमीटरमध्ये एकसारखा उतरला, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ पट जोर येतो. तोच १० सेंटिमीटरमध्ये उतरला, तर जवळजवळ १०० पट. माणूस किती सोसू शकतो याचं उत्तर आधी विमानक्षेत्रातून आलं. विमान-अपघातांचे अमेरिकी संशोधक ह्यू डीहेवन यांनी १९४२ मध्ये उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास मांडला. ज्यावर ते पडले ती वस्तू दबली किंवा वाकली होती, म्हणून ते वाचले होते. पुढे १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी हॉलोमन तळावर स्वतःला रॉकेटच्या गाड्यावर पट्ट्यांनी बांधून घेतलं. ताशी हजार किलोमीटरहून जास्त वेगावरून तो गाडा सेकंद-दीड सेकंदात थांबला. क्षणभर ४६ पटींहून अधिक जोर येऊनही ते जिवंत राहिले. नीट बांधलेलं शरीर बरंच सोसतं. मोकळं शरीर गाडी थांबल्यावरही पूर्वीच्याच वेगाने पुढे जातं आणि डॅशबोर्डवर एक-दोन इंचांत थांबतं.

याच सुमारास बेला बारेन्यी हे मर्सिडीज-बेंझचे अभियंते उलट्या बाजूने विचार करत होते. गाडीची पुढची आणि मागची बाजू मुद्दाम चुरगळणारी ठेवायची आणि मधली केबिन कडक करायची, अशी त्यांची कल्पना होती. १९५१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये डब्ल्यू १११ या मॉडेलमध्ये ती रस्त्यावर आली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत बांधणी नेमकी उलटी. शिडीसारखी जाड चासी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, पुढे सहज दबत नाही, ती धक्का मागे ढकलते. आणि मागे काय असतं? पातळ खांब, साधी कुलपं असलेले दरवाजे, आणि युद्धपूर्व अनेक गाड्यांत पत्र्याआड लाकडाचा सांगाडा. म्हणजे सगळ्यात कमकुवत भाग तोच, जिथे माणूस बसतो.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर, थोडी बाजू सोडून, प्रत्येकी ताशी सुमारे ६४ किलोमीटरने धडकवली. बेल एअरची केबिन चालकाच्या बाजूने कोसळली. मालिबूच्या चालकाला पायाच्या दुखापतीपलीकडे फारसं काही झालं नसतं, असा आत बसवलेल्या चाचणी-पुतळ्यावरच्या मोजमापांचा निष्कर्ष होता. ‘बेल एअर गंजलेली होती’ हा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. पण त्या मॉडेलची चासी एक्स आकाराची होती, दरवाजांखाली भक्कम आडव्या तुळया नव्हत्याच, आणि गंज नसता म्हणून त्या उगवल्या नसत्या. शिवाय आज रस्त्यावर असलेल्या किती जुन्या गाड्यांच्या उंबऱ्यात, म्हणजे दाराखालच्या पट्टीत, गंज नाही?

स्टिअरिंगचा दांडा हा जुन्या गाडीतला सगळ्यात वाईट भाग. स्टिअरिंग बॉक्सपासून (चाकं वळवणाऱ्या दातेरी पेटीपासून) स्टिअरिंगच्या चाकाच्या मध्यापर्यंत एकसंध पोलादी सळई, आणि कित्येक मॉडेलांत तो बॉक्स पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे. धडकेत बॉक्स २० सेंटिमीटर मागे गेला, की चाकाचा मध्य जवळजवळ तेवढाच चालकाच्या दिशेने येतो, आणि चालकाची छाती त्याच क्षणी पुढे येत असते. छातीचं हाड व फासळ्या मोडणं आणि हृदयातून निघणारी महाधमनी फाटणं, या त्याच्या ठरलेल्या इजा. फोर्डने १९५६ च्या मॉडेलांत खोलगट स्टिअरिंग दिलं, म्हणजे आधी कडा वाकावी आणि मध्य नंतर लागावा. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांत दबून आखूड होणारा दांडा आणला. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकी मानकाने मर्यादा घातली : ताशी ४८ किलोमीटरने भिंतीवर आदळल्यावर दांडा १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. जुन्या गाडीत नव्या धर्तीचा दांडा बसवता येतो. पण जोड, कोन आणि आधाराचे ब्रॅकेट जुळले नाहीत तर दबणारा भाग दबतच नाही. सळई कापून वेल्डिंग करणं तर निव्वळ आत्मघात.

दरवाजांची गोष्टही तितकीच जुनी. कॉर्नेल विद्यापीठाच्या अपघात-संशोधनातून १९५० च्या दशकात दिसलं, की गाडीबाहेर फेकल्या गेलेल्यांचं मरणाचं प्रमाण आत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. ‘बाहेर फेकला गेला म्हणून वाचला’ हा समज तिथेच मोडला. चौकट जराशी ताणली गेली की जुनी कुलपं सुटत. १९५५-५६ पासून एकमेकांत अडकणारी कुलपं येऊ लागली. १९५९ मध्ये व्होल्वोचे नील्स बोलिन यांनी तीन टोकांचा सीटबेल्ट दिला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांना खुलं ठेवलं. बोलिन आधी साबमध्ये लढाऊ विमानांच्या उडत्या आसनांवर काम करत, हा योगायोग नव्हे.

मूळचा बेल्ट नसलेल्या गाडीत तो बसवताना पट्ट्यापेक्षा त्याच्या मुळाची, म्हणजे तो गाडीला जिथे जोडतात त्या जागेची, काळजी जास्त घ्यावी लागते. अमेरिकी मानकात तीन टोकांच्या बेल्टच्या चाचणीत खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर एकाच वेळी प्रत्येकी सुमारे १३.३ किलोन्यूटन ओढ देतात. प्रत्येक पट्ट्यावर साधारण १,३६० किलो वजन टांगल्यासारखी. साध्या वॉशरवर आवळलेला बोल्ट पातळ पत्र्यातून सरळ उपटून येतो. म्हणून पत्र्याखाली पोलादी पट्टी हवी. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तिचं किमान माप ४० चौरस सेंटिमीटर आणि जाडी ३ मिलिमीटर आहे. बोल्ट सहसा ७/१६ इंची, बारीक आट्यांचा आणि उच्च ताकदीचा. लाकडी फळीत मूळ रोवायचं नाही, चासीपर्यंत जायचं. खांद्याचं टोक खांद्याच्या खाली आलं, तर पट्टा धडकेत पाठीचा कणा खाली दाबतो. छत नसलेल्या टूरर गाडीत वर टोक लावायला खांबच नसतो, तेव्हा नुसता कमरपट्टा उरतो. तो पोटावर नव्हे, ओटीपोटाच्या हाडावर खाली बसायला हवा. पोटावर चढला तर आतडी आणि कमरेचे मणके जातात. दोन दारांच्या गाडीत पुढच्या सीटची पाठ दुमडणारी आणि बिनकुलपाची असते. तिला अडकवण लावली नाही, तर मागच्या प्रवाशाचं वजन पुढच्याच्या पाठीवर.

काच आणि डोक्याचा आधार यांबद्दल थोडक्यात. पुढच्या सुरुवातीच्या दुपदरी काचांतला मधला प्लास्टिकचा पडदा पातळ असल्याने डोकं आरपार जाई आणि परत येताना चेहरा व मान कापली जाई. अमेरिकी गाड्यांत १९६६ च्या मॉडेलांपासून तो ०.३८ वरून ०.७६ मिलिमीटर झाला. पुढच्या सीटला डोक्याचा आधार तिथे १९६९ पासून सक्तीचा आहे. त्याआधीची बुटकी सीट मागून बसलेल्या धडकेत मानेला झटका देते.

धडक होण्याआधीचे धोके मात्र बरेचसे हातात आहेत. १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच सर्किटवर, म्हणजे ऑइलच्या एकाच वाटेवर, चालत. एक होज पाइप फुटला किंवा चाकातला ब्रेक दाबणारा एक व्हील सिलिंडर गळला, की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. उरतो तो हँडब्रेक, म्हणून त्याची केबल शोभेची नको. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं : नव्या डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल धरल्यावरची मर्यादा १५५. ऑइल उकळलं की ब्रेक लागत नाही, म्हणून तापलेल्या ड्रम ब्रेकच्या गाडीला लांब घाटउतारावर हा फरक भोवतो. दोन वर्षांनी ऑइल बदला. बाहेरून चांगला दिसणारा रबरी होज आतून फुगून बंद होतो आणि एकच चाक धरून ठेवतो, त्यामुळे तो वयावरून बदलायचा. टायरचंही तसंच, नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होतं. पुढे रेडियल (आजच्या धर्तीचे) आणि मागे क्रॉस-प्लाय (जुन्या धर्तीचे, तिरप्या थरांचे) टायर ही जोडी कधीच नको. वळणावर मागची चाकं आधी सुटतात.

आगीची भीती टाकीच्या जागेवर ठरते. १९२८ ते १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए मध्ये टाकी काचेखाली, जवळजवळ मांडीवर. बीटलमध्ये पुढच्या डिकीत. पहिल्या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबरी पाइप खातं, तेव्हा इथेनॉल सोसणारे पाइप, बॅटरी तोडणारा स्विच आणि हाताशी अग्निशामक, एवढं तरी हवंच.

धडकेनंतर इग्निशन बंद आणि बॅटरी तोडलेली हवी; ती कुठे आहे हे मदतनिसांना सांगावं लागतं, कारण बीटलमध्ये ती मागच्या सीटखाली असते. आग किंवा धूर नसेल तर मानेला-पाठीला मार लागलेल्याला बाहेर ओढू नये. जखम दिसत नाही म्हणून घरी जाणंही धोक्याचं. पट्ट्याचा आडवा वळ पोटावर उमटला असेल तर आतड्याची इजा काही तासांनी बोलते, प्लीहेचा रक्तस्राव कधी काही दिवसांनी. छातीला स्टिअरिंग लागलं असेल तर ईसीजी आणि छातीची तपासणी व्हायलाच हवी. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याचं डोकं आपटलं असेल, तर तो व्यवस्थित बोलत असला तरी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. डॉक्टरांना ‘गाडीत बेल्ट नव्हता, एअरबॅग नव्हती, दांडा एकसंध होता’ एवढं सांगितलं, तरी कुठे शोधायचं ते त्यांना कळतं.