खेळाडू-समालोचक

खेळणे थांबवल्यावर त्याच खेळाचे धावते वर्णन किंवा विश्लेषण करणारा माजी खेळाडू म्हणजे खेळाडू-समालोचक. प्रक्षेपणात सहसा दोन आवाज असतात. निवेदक चेंडूच्या मागे धावतो. तज्ज्ञ, जो बहुधा स्वतः खेळलेला असतो, घडले ते का घडले हे उलगडतो.

फुटबॉलमध्ये हे काम सर्वांत कठीण. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंमध्ये बोलायला सवड मिळते. फुटबॉलचा ४५ मिनिटांचा पूर्वार्ध जवळजवळ सलग चालतो आणि तज्ज्ञाला थ्रो-इन, कॉर्नर, एखादी दुखापत एवढ्याच फटी सापडतात. शिवाय त्याची खरी किंमत चेंडूपासून दूर असते. गोल सगळ्यांनाच दिसतो. पण त्याआधी बचावपटू दोन पावले पुढे सरकला आणि त्याच्या पाठीमागे जागा मोकळी झाली, हे माजी बचावपटूच्या चटकन लक्षात येते, कारण त्या जागी तो स्वतः कधीतरी चुकलेला असतो.

ही परंपरा जवळजवळ फुटबॉल समालोचनाइतकीच जुनी आहे. २२ जानेवारी १९२७ रोजी लंडनमध्ये आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचे धावते वर्णन बीबीसीने रेडिओवरून केले. निवेदक टेडी वेकलम हे माजी रग्बीपटू. श्रोत्यांना समजावे म्हणून मैदानाचा आठ चौकोनांत विभागलेला नकाशा आधी छापला होता आणि चेंडू ज्या चौकोनात जाई त्याचा आकडा वेकलम यांचा सहकारी पुकारत असे. सामना १-१ असा सुटला. त्यातला पहिला गोल आर्सेनलच्या चार्ली बुकन यांचा. पुढच्याच वर्षी निवृत्त झाल्यावर तेही क्रीडापत्रकारितेत आणि रेडिओच्या मायक्रोफोनपुढे आले.

पुण्यात ही वाट क्रिकेटने पाडली. रणजी करंडकात महाराष्ट्राकडून खेळलेले बाळ ज. पंडित (१९२९–२०१५) यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट ऐकवले. निर्धाव षटक, पायचीत, यष्टिरक्षक हे शब्द आज पुस्तकी वाटत नाहीत, याचे मोठे श्रेय त्या पिढीच्या समालोचकांना द्यावे लागेल. पुण्याचेच केदार जाधव २०२३च्या आयपीएलमध्ये मराठी समालोचन करत होते. हंगाम निम्म्यावर असताना बंगळूर संघाने त्यांना बदली खेळाडू म्हणून बोलावले आणि मायक्रोफोन ठेवून ते पुन्हा पॅड बांधायला गेले. जून २०२४मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. खेळाडू आणि समालोचक यांच्यातली भिंत किती पातळ आहे, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

पुण्याला फुटबॉल नवा नाही. कॅम्प, खडकी, घोरपडी या लष्करी वस्त्यांच्या आसपास तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. २००७मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत उपविजेता ठरला. २०१४मध्ये आलेल्या एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीच्या मैदानावर फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे खेळला. तोच त्याच्या कारकिर्दीचा शेवटचा क्लब. याच संघाने २०१७-१८मध्ये इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली. २०१९पर्यंत मात्र दोन्ही क्लब संपले होते.

एवढे होऊनही मराठी फुटबॉल समालोचनाला क्रिकेटसारखी स्वतःची बोली मिळालेली नाही. वृत्तपत्रांनी गोलरक्षक, बचावपटू, मध्यरक्षक, आघाडीपटू हे शब्द रुळवले. ती सगळी खेळाडूंच्या जागांची नावे. हालचालींसाठीचे शब्द तोकडे पडतात. थ्रू पास (बचावपटूंच्या मधून पुढे सोडलेला पास), ओव्हरलॅप (मागच्या खेळाडूने साथीदाराच्या बाजूने पुढे धावणे), ऑफसाइड हे तसेच ठेवावेत, त्यांचे ओढूनताणून भाषांतर करू नये. क्रियापदे मात्र मराठीत तयारच आहेत आणि ती कबड्डीच्या मैदानावरून उचलता येतात: हुलकावणी दिली, मुसंडी मारली, कोंडीत पकडले. हुलकावणीत जी लय आहे ती ‘ड्रिबल केले’मध्ये नाही.

ही बोली आज ऐकायची तर स्थानिक स्पर्धांच्या मैदानावर जावे लागते. तिथे लाऊडस्पीकरचा माइक बहुधा एखाद्या जुन्या खेळाडूच्या हाती असतो. अर्धी मराठी, अर्धी कॅम्पातली हिंदी बोलत तो खेळाडूंना टोपणनावाने हाक मारतो आणि डाव्या बगलेवरचा पोरगा मोकळा आहे हे, पास सुटण्याआधीच, सांगून टाकतो.