पीतज्वराच्या गावातला बर्फ

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखाताकाठी, अपलॅचिकोला हे कापसाच्या व्यापारावर वाढलेले छोटे बंदर आहे. जॉन गोरी हा तरुण डॉक्टर १८३३ साली तेथे आला, पोस्टमास्तर झाला आणि १८३७ साली नगराध्यक्षही झाला. हिवताप आणि पीतज्वर तेथे पाचवीला पुजलेले होते, आणि सडलेल्या पाणथळीतून उठणारी दूषित हवाच हे रोग आणते, अशी त्या काळातील बहुतेक डॉक्टरांप्रमाणे त्याचीही समजूत होती. म्हणून गावाभोवतीच्या दलदली भरून काढाव्यात, असा त्याचा आग्रह होता.

समजूत चुकीची होती, पण दलदल हटली तर हिवतापाचे डास कमी होतात, म्हणजे उपाय निम्मा तरी बरोबर होता. पीतज्वराचा एडिस डास मात्र घरातल्या साठवणीच्या पाण्यातच वाढतो, आणि त्याचा दोष निर्विवादपणे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले.

हवा थंड केली तर रुग्णाला आराम पडेल, या विचाराने गोरीने आजाऱ्यांच्या खोलीत छताजवळ बर्फाचे भांडे टांगले. गार हवा जड असल्यामुळे ती खाली उतरून खाटेपर्यंत पोहोचे. अडचण बर्फाचीच होती: तो उत्तरेकडील गोठलेल्या तळ्यांतून कापून, भुशात गुंडाळून जहाजाने येई (याच व्यापारातला बर्फ १८३०च्या दशकात मुंबईतही उतरू लागला होता), आणि जहाज चुकले की संपले.

तेव्हा बर्फ येथेच का करू नये? सायकलला हवा भरताना पंप तापतो, हे आपण अनुभवतो. दाबलेली हवा गरम होते. गोरीच्या यंत्रात ती उष्णता पाण्याने काढून घेतली जाई, आणि मग निवलेली हवा दुसऱ्या सिलिंडरमध्ये फुगून दट्ट्या ढकलू लागली की, हे काम तिला स्वतःजवळच्या उष्णतेवर करावे लागल्यामुळे, ती अतिशय थंड होई. भोवतीचे मिठाचे पाणी शून्याखालीही द्रवच राहते. तेच साध्या पाण्याचा बर्फ करी. आज प्रवासी विमानांतील गारवा बहुधा हवा दाबून आणि फुगवूनच मिळवतात, हे मला तरी गोरीच्या कल्पनेचे सर्वांत सुंदर पुनरागमन वाटते.

६ मे १८५१ रोजी त्याला अमेरिकेचे ८०८० क्रमांकाचे पेटंट मिळाले. वैद्यकीचा व्यवसाय त्याने त्यापूर्वीच जवळजवळ सोडला होता. पण यंत्रातून हवा गळे, भांडवल देणारा भागीदार मरण पावला आणि नवा कोणी पुढे आला नाही. १८५५च्या जूनमध्ये, यंत्र एकदाही बाजारात न उतरवता, गोरी अपलॅचिकोलातच वारला.