वासा व्हॅसोरम आणि चयापचयाचे विकार

मोठ्या रोहिणीच्या (धमनीच्या) भिंतीला रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्यांना ‘वासा व्हॅसोरम’ म्हणतात. या लॅटिन नावाचा अर्थ ‘वाहिन्यांच्या वाहिन्या’ असा आहे. रोहिणीतून अखंड रक्त वाहत असले, तरी त्यातील ऑक्सिजन भिंतीत जेमतेम अर्धा मिलिमीटर झिरपतो. त्यापलीकडच्या पेशींची भिस्त बाहेरच्या बाजूने आत शिरणाऱ्या या जाळ्यावर असते. वोलिन्स्की आणि ग्लागोव्ह या संशोधकांनी १९६७ मध्ये अनेक सस्तन प्राण्यांच्या महारोहिणी (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणी) तपासल्या, तेव्हा मधल्या थरात २९ हून अधिक लवचीक पापुद्रे असले की तिथे या वाहिन्या आढळतात, असे दिसून आले. त्यांच्या शाखा एकमेकींना फारशा जोडलेल्या नसल्यामुळे एखादी बंद पडली, तर तिच्या वाट्याचा भाग उपाशी राहतो.

मधुमेहात दृष्टिपटलाच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांना जी इजा होते, तीच इजा येथेही संभवते. दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे प्रथिनांना साखर चिकटते, वाहिनीभोवतीचे आधारपटल जाड होते, अस्तराच्या पेशी पुरेसे नायट्रिक ऑक्साइड तयार करू शकत नाहीत आणि वाहिनीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या परिपेशी गळतात. उच्च रक्तदाबाची जोड असेल, तर ताणलेल्या भिंतीत या वाहिन्या दबतात. मधुमेहाचे दुष्परिणाम ‘लहान वाहिन्यांचे’ आणि ‘मोठ्या वाहिन्यांचे’ असे वेगळे शिकवले जातात. पण मोठ्या वाहिनीची भिंतच लहान वाहिन्यांवर जगत असेल, तर ही विभागणी सोयीपुरतीच मानली पाहिजे.

ऑक्सिजनची चणचण भासू लागली की भिंतीतील पेशी नव्या वाहिन्या फुटण्याचा रासायनिक संदेश देतात. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या डुकरांच्या हृद्‌रोहिणींमध्ये (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणींमध्ये) हे जाळे दाट झाल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रिमितीय क्ष-किरण चित्रणात दिसले. पुढील प्रयोगांत तर रोहिणीच्या आतल्या अस्तराचे कार्य बिघडण्याआधीच ही वाढ सुरू झालेली आढळली. म्हणजे मेद केवळ रक्ताच्या बाजूनेच साचत जातो, हे प्रचलित चित्र अपुरे आहे.

घाईने फुटलेल्या या वाहिन्या मात्र कच्च्या असतात. अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल राहतात, परिपेशींचा आधार नसतो, आणि मेदाच्या साक्यात (रोहिणीच्या भिंतीत साचलेल्या मेदाच्या थरात) शिरलेली अशी वाहिनी सहज पाझरते. सांडलेल्या तांबड्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर असते, त्यामुळे प्रत्येक लहान रक्तस्राव साक्याच्या गाभ्यात आणखी मेद ओततो. शिवाय मोकळ्या झालेल्या हिमोग्लोबिनमधील लोह ऊतकांचे ऑक्सिडीभवन वाढवते. हे हिमोग्लोबिन बांधून ठेवण्याचे काम हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन करते. त्याचा ‘२-२’ हा आनुवंशिक प्रकार असलेल्या मधुमेही व्यक्तींमध्ये ही सफाई मंदावते. मधुमेही रुग्णांच्या साक्यांत नव्या वाहिन्या आणि रक्तस्राव अधिक आढळतात. साका फुटून हृदयविकाराचा झटका येण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

या वाहिन्या जिवंत माणसात पाहणे कठीण असले, तरी मानेतील रोहिणीच्या साक्यातील रक्तप्रवाह सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रव्य शिरेतून देऊन केलेल्या सोनोग्राफीत टिपता येतो. उपचारांच्या बाजूने, सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध दिलेल्या डुकरांमध्ये रक्तातील कोलेस्टेरॉल चढेच राहिले असतानाही हृद्‌रोहिणीभोवतीच्या या जाळ्याची रचना बरीचशी शाबूत राहिल्याचे दिसले आहे.